वीटभट्टीच्या मातीत लीड्सिक्थिस सापडेल का?

भट्टीवाला, पलूस
नमस्कार मंडळी. आमची वीटभट्टी मळीच्या रानात, कृष्णेकाठी. गेल्या आठवड्यात माती काढताना पांढरे, ओबडधोबड, बोटभर लांबीचे तुकडे निघाले. थोरली मुलगी आठवीला. इंग्लंडात विटांच्या मातीच्या खाणीत लीड्सिक्थिस नावाचा अवाढव्य मासा सापडला, हे तिनं वाचलंय. तेव्हापासून तुकडे बिस्किटाच्या डब्यात, कुणाला हात लावू देत नाही. नाही म्हणायला जीव होत नाही, पण लेकराला खोटं सांगायचं नाही. जाणकारांनी सांगावं.

निवृत्त मास्तर, सातारा
दादा, एका तुकड्यावर लिंबू पिळा. फसफसलं तर बहुतेक चुनखडीच. तोच खडा विटेत राहिला की भाजताना त्याचा चुना होतो, मग ओल लागून फुगतो आणि वीट फोडतो. हे तुम्ही माझ्याहून जास्त सोसलं असेल.

तो मासा पॅकिकॉर्मिडे कुळातला. डायनोसॉरांच्या ज्युरासिक काळात हे कूळ समुद्रात आलं, त्यानंतरच्या क्रिटेशस काळाच्या शेवटापर्यंत टिकलं. त्यात प्रोटोस्फिरीनासारखे तलवारतोंडे शिकारीही होते. लीड्सिक्थिसला मात्र दात नव्हते. तोंड उघडून पोहायचं आणि कल्ल्यांतल्या जाळीनं पाणी गाळून बारीक जीव पोटात घ्यायचे. एवढा थोरला जीव, आणि कुणाचा चावा घेत नव्हता! मला हे फार आवडतं. 2013च्या अभ्यासात विसाव्या वर्षी 8-9 मीटर आणि अडतिसाव्या वर्षी 16 मीटरच्या पुढे, असा अंदाज निघाला. म्हणजे आपल्या एसटीपेक्षा लांब.

इंग्लंडात पीटरबरोजवळच्या त्या खाणींत हाडं गोळा करणारे आल्फ्रेड लीड्स शेतकरी होते. सुरुवातीला काही हाडं डायनोसॉरच्या पाठीवरची ढाल वाटली होती. सांगाड्याचा बराच भाग पक्कं हाड बनलेलाच नव्हता, म्हणून तुकडेच उरले. 1889 साली शास्त्रज्ञ वुडवर्ड यांनी नाव ठेवलं तेही ‘प्रॉब्लेमॅटिकस’, म्हणजे कोड्यात टाकणारा.

आपल्याकडे तो मिळणार नाही. तो 16.5 कोटी वर्षांपूर्वीचा. आपला काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर वाहिलेल्या लाव्ह्याचा, आणि कृष्णेचा गाळ त्याहून कितीतरी अलीकडचा. त्या काळचे समुद्री खडक बघायचे तर कच्छला जावं लागेल.

विटकर, कराड
मास्तरांचं खरंय, पण पोरीचा डबा फेकू नका. गोदावरी-मांजरेच्या जुन्या गाळात हत्ती आणि रानटी बैलांची हाडं मिळाली आहेत. काही वेगळं निघालं तर किती खोल, कुठल्या थरात, ते आधी लिहून ठेवायला सांगा. आणि इंग्लंडातल्या त्या मातीत सेंद्रिय अंश इतका, की वीट बरीचशी स्वतःच्याच जळणावर भाजते. आपल्याला भुशा-कोळशाचे पैसे मोजावे लागतात.

भट्टीवाला, पलूस
लिंबू पिळलं, फसफसलं. पोरगी थोडा वेळ गप्प बसली. मग दोरी घेऊन कच्च्या विटांच्या रांगेपासून 16 मीटर मोजले, ते पार चिखलाच्या खड्ड्यापर्यंत गेले. विचारतेय, शेपूट केवढं?

निवृत्त मास्तर, सातारा
लंडनच्या संग्रहालयात एक आहे, लीड्स यांनीच गोळा केलेलं. उभं धरलं तर सुमारे 9 फूट. तिला म्हणावं, बांबू रोव.