दिवस पावणेतीनला संपतो तेव्हा: स्कँडिनेव्हियातल्या हिवाळ्याचे अनुभव

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पहाटे इथली घड्याळं एक तास मागे जातात. शुक्रवारी ऑफिसातून निघताना थोडातरी उजेड असतो आणि सोमवारी बाहेर पडावं तर रस्त्यावरचे दिवे लागलेले. स्वीडनमधल्या उप्सालातला हा माझा आठवा हिवाळा, पण तो सोमवार अजून अंगवळणी पडलेला नाही. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो आणि पावणेतीनच्या आत गुल. तोही झाडांच्या शेंड्यांवरून सरपटत जातो, डोक्यावर म्हणून येत नाही.

नॉर्दर्न लाइट्सचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. मला हवंय ते त्याच्या अलीकडचं: डबा, बस, शाळा, सण, पाहुणे, पडझड. सुरुवात मीच करते.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत एक हुक आहे. दिवाळीत त्याला कंदील लागतो. पहिल्या वर्षी तुळशीचं लग्न झाल्यावर मी तो उतरवला, तर समोरच्या घरातल्या बाईंनी लिफ्टमध्ये विचारलं, "तुमचा स्टार का काढलात? आता तर लावायची वेळ आलीये." ख्रिसमसच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला उजाडला की इथे घरोघरी खिडकीत कागदी तारा टांगतात आणि खाली सात दिव्यांची लाकडी कमान ठेवतात. नवा तारा आणला, त्याच हुकाला लावला. बिनदिव्याची खिडकी अख्ख्या गल्लीत शोधून सापडत नाही. पडदे मात्र कोणी ओढत नाही, त्यामुळे बाहेरून चालतानाही उजेड वाट्याला येतो.

१३ डिसेंबरची लुसिया हा माझा लाडका दिवस. पहाटेच्या अंधारात शाळेत मुलं पांढरे झगे घालून, हातात दिवे घेऊन गात येतात. पुढच्या मुलीच्या डोक्यावर दिव्यांचा मुकुट, कमरेला लाल पट्टा. पूर्वी खऱ्या मेणबत्त्या असायच्या, लहान मुलांना आता बॅटरीच्या देतात. आमच्या लेकीला पहिल्या वर्षी जिंजरब्रेडचा, म्हणजे आल्याच्या बिस्किटाचा, माणूस व्हायचं होतं, ती तपकिरी कपड्यांत गेली. गाणी संपली की लुसेकात्तेर नावाचे एसच्या आकाराचे केशरी पाव, दोन टोकांना दोन बेदाणे. तो वास आला आणि मला थेट घरचं श्रीखंड आठवलं. केशर इथे अर्ध्या ग्रॅमच्या पुडीत, काउंटरवर मागून घ्यावं लागतं. तेवढंही आपल्यासारखंच.

आता तुम्ही लिहा.

ट्रोम्सो, नॉर्वे

मी मूळचा मालवणचा. इथे मासे प्रक्रियेच्या कामावर आलो त्याला पाच वर्षं झाली. तुमचा सूर्य सरपटत तरी जातो, आमचा नोव्हेंबर संपता संपता क्षितिजाखाली जातो तो जानेवारीच्या मध्यापर्यंत वर येतच नाही. नंतरही शहराच्या दक्षिणेला डोंगर आडवे, म्हणून गावातून तो दिसतो साधारण २१ जानेवारीला.

लोकांना वाटतं की दोन महिने काळाकुट्ट अंधार. तसं नाही. दुपारी अकरा ते एक सगळं निळं होतं. आकाश निळं, बर्फ निळा, माणसांचे चेहरेसुद्धा. ढग नसतील तर दक्षिणेला गुलाबी पट्टा दिसतो. तेवढ्या दोन तासांत ऑफिसातले लोक जेवण बाजूला ठेवून चक्कर मारून येतात. मीही आता तेच करतो. पहिल्या वर्षी केलं नाही, त्याचा परिणाम असा की डिसेंबरमध्ये रात्री तीनला टक्क जागा आणि दुपारी मीटिंगमध्ये पेंगतोय. डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व दिलं आणि सकाळी प्रखर दिव्यासमोर बसायला सांगितलं. आई रोज फोनवर विचारायची, "उगवलो काय रे?"

थंडी म्हणाल तर अक्षांशाच्या मानाने काहीच नाही. अटलांटिकचा उबदार प्रवाह किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे बंदर गोठत नाही. उणे पाच, उणे आठ. खरा वैताग म्हणजे मध्येच पाऊस पडतो आणि दुसऱ्या दिवशी तो गोठून रस्त्याची काच होते.

सूर्य परत येतो त्या दिवशी बेकरीसमोर रांग. आत जॅम भरलेले तळलेले गोल पाव, त्यांना सूर्याचे पाव म्हणतात. पहिल्या वर्षी ढग होते, सूर्य दिसला नाही, पाव मात्र मी चार खाल्ले.

आणि एक. जानेवारीपासून बॅरेंट्स समुद्रातला कॉड अंडी घालायला किनाऱ्याकडे येतो, त्याला स्क्राइ म्हणतात. त्याचं ताटही ठरलेलं: उकडलेला मासा, त्याची कलेजी आणि गाबोळी. सहकाऱ्याने घाबरत घाबरत विचारलं, "हे खाशील का तू?" मी म्हटलं, बाबा, गाबोळी पहिली माझ्या पानात वाढ. फक्त मीठ घालून उकडतात, तिखटाचं नाव नाही. मी डब्यातून मालवणी मसाला नेला होता. आता दरवर्षी तो मलाच घेऊन यायला सांगतात.

कोपनहेगन

बर्फाच्या गोष्टी वाचून हेवा वाटला. आमच्याकडे बर्फ क्वचित. वारा, आडवा पाऊस आणि पंधरा-पंधरा दिवस राखाडी आभाळ. पाऊस, वारा काही असो, सगळे सायकलवरच. बर्फ पडलाच तर सायकलचा रस्ता भल्या सकाळी साफ झालेला असतो, हे मात्र मानलं.

पण २४ डिसेंबरची संध्याकाळ सांगते. सहकारी बाईंनी घरी बोलावलं होतं. बदक, साखरेत परतलेले बटाटे, लाल कोबी असं जेवण झालं. मग त्यांनी दिवाणखान्याचं दार उघडलं. आत झाड, त्यावर खऱ्या पेटत्या मेणबत्त्या, कोपऱ्यात पाण्याची बादली. सगळ्यांनी हात धरले आणि झाडाभोवती गोल फिरत गाणी म्हणायला लागले. आजोबा, नातवंडं, जावई, सगळे. मी दोन फेऱ्या मारल्या आणि मनात म्हटलं, अगं हा तर भोंडला! फक्त मध्ये हत्तीऐवजी झाड. शेवटी साखळी करून अख्ख्या घरातून पळतात, तो भाग आपल्याकडे नाही.

खिरापतसुद्धा आहे, बरं का. थंड भाताची साय घातलेली खीर, वर चेरीचा गरम रस. त्यात एक अख्खा बदाम लपवलेला असतो, बाकीचे कापलेले. ज्याला तो मिळेल त्याने गालात दडवून गप्प बसायचं, म्हणजे बाकीचे पोट फुटेपर्यंत खात राहतात. मला मिळाला होता. मला नियम माहीत नव्हता, मी तो चावून गिळला. वीस मिनिटं सगळं घर बदाम शोधत होतं. बक्षीस म्हणून मार्झिपानचं (बदाम-साखरेच्या मिठाईचं) डुक्कर ठेवलेलं, ते शेवटी सगळ्यात धाकट्या नातवाला दिलं. मी अजून कबूल केलेलं नाही.

ऊमेओ, स्वीडन (सध्या मुक्काम सातारा)

मी एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून निवृत्त झालो. मुलगी ऊमेओला असते. गेल्या जानेवारीत मी आणि सौ. सहा आठवडे राहून आलो. लोकांनी भीती घातली होती, म्हणून निघताना दोन माकडटोप्या घेतल्या. नातू म्हणाला, "आजोबा, ही टोपी घालून बँकेत जाऊ नका."

मला आवडलेली गोष्ट कोणी लिहिलेली दिसत नाही, म्हणून लिहितो. तिथल्या पार्किंगमध्ये प्रत्येक गाडीपुढे खांबावर विजेचा प्लग असतो. रात्री गाडी लावली की वायर जोडायची आणि टायमर लावायचा, पहाटे इंजिन गरम होऊन तयार. बाहेर उणे २२ आणि गाडी पहिल्या चावीला चालू. आम्ही डिसेंबरात पहाटेच्या महाबळेश्वर गाडीला धक्के मारलेत, म्हणून मला त्याची किंमत कळते. हिवाळ्याचं डिझेलही वेगळं मिळतं, नाहीतर त्यात मेण धरतं. रस्त्यावर बर्फ असेल तर १ डिसेंबर ते ३१ मार्च हिवाळी टायर सक्तीचे. टायरला खिळे असतात, डांबरावरून गाडी गेली की कर्रकर्र आवाज. जावई मला बॉनेट उघडून आतलं दाखवायचा आणि शेजारी मला बाहेर उभं बघून आत बोलवायचे.

पडलो का? पडलो. तिसऱ्या दिवशी, बसस्टॉपवर. वर भुसभुशीत बर्फ, खाली काच. मनगट सुजलं, हाड वाचलं. दुसऱ्या दिवशी मुलीने बुटाला लावायचे खिळे बसवलेले रबरी पट्टे आणून दिले. दुकानात शिरताना ते काढायचे, नाहीतर फरशीवर माणूस परत घसरतो. हेही करून पाहिलं.

सौ.ला स्पार्क आवडला. लोखंडी पट्ट्यांवर लाकडी खुर्ची. एकाने पुढे बसायचं, दुसऱ्याने मागे उभं राहून पायाने ढकलायचं. म्हातारी माणसं त्याच्यावरून बाजारहाट करतात. मी ढकलत होतो, सौ. पिशवी मांडीवर घेऊन बसलेली. चाळीस वर्षांत तिने मला इतक्या सूचना कधी दिल्या नव्हत्या.

ऑस्लो

दोन मुलं, एक बालवाडीत. इथली बालवाडी म्हणजे बाहेर. उणे दहापर्यंत तर कोणी चर्चाही करत नाही. आतून लोकर, मधे लोकर, वरून वारा न शिरणारा एकसंध सूट. सुती बनियन घातला तर बाई घरी चिठ्ठी पाठवतात, कारण घामाने भिजलेला सुती कपडा अंग गारठवतो. हे मला चिठ्ठी आल्यावर कळलं. हातमोज्यांवर नाव लिहा. आमचे पहिल्या महिन्यात पाच गेले.

धाकटी पाच महिन्यांची असताना तिला गाडीत गुंडाळून बाल्कनीत झोपवलं होतं, इथे सगळेच झोपवतात. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर ते पाहिलं. पुढचे तीन दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत, नवऱ्याशी बोलल्या.

रविवारी मेट्रोने वर फ्रोग्नरसेटेरनला जायचं आणि कोर्केट्रेकरन नावाच्या उतारावरून घसरगाडीने दोन किलोमीटर खाली यायचं. खाली स्टेशन आहेच, तिथून मेट्रोने परत वर. मेट्रोच्या डब्यात हेल्मेट घातलेली माणसं मांडीवर घसरगाड्या घेऊन बसलेली असतात. बारा फेऱ्या हा आमचा विक्रम.

नाताळात इथे सात प्रकारची बिस्किटं घरात असलीच पाहिजेत अशी जुनी रीत आहे. शेजारीण नोव्हेंबरातच दमलेली दिसली, विचारलं तर म्हणाली, पाच झाली, दोन राहिली. मी दिवाळीतली चकली, करंजी, शेव असा डबा तिला दिला आणि सांगितलं, आमचंही असंच, फक्त आम्ही तळतो. तेव्हापासून देवाणघेवाण सुरू आहे. तिला चिरोट्याचे पदर कसे सुटतात ते अजून कळलेलं नाही. मलाही दरवर्षी कळतं असं नाही.

रियुकान, नॉर्वे (एका दिवसापुरता)

कामानिमित्त गेलो होतो. गाव इतक्या खोल दरीत की सप्टेंबर ते मार्च तिथे थेट ऊन पडत नाही. १९२८ मध्ये नोर्स्क हायड्रो कंपनीने लोकांना ऊन घ्यायला वर जाता यावं म्हणून रोपवे बांधून दिला. २०१३ मध्ये डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले, ते सूर्याबरोबर फिरतात आणि उजेड खाली चौकात पाडतात. मी गेलो तेव्हा त्या तुकड्यात एक बाई बाळगाडी घेऊन उभ्या होत्या. उजेड सरकला तशा दोन पावलं सरकल्या. ऊब काही खास नाही, पण सावली पडते. स्वतःची सावली मी तीन आठवड्यांनी पाहिली.

स्टॉकहोम, विद्यार्थी

पहिल्या वर्षी कोणी सांगितलं नव्हतं की इथे खरा सण २४ ला. दुपारी दूध आणायला निघालो तर दुकानं बंद, बस तासाला एक. वर्गमित्राला गमतीने मेसेज केला, तो म्हणाला, तासाभरात ये.

तीन वाजता घरातले सगळे टीव्हीसमोर. डोनाल्ड डकची जुनी कार्टून्स, १९६० पासून याच दिवशी. आजी संवाद पाठ म्हणत होत्या. ते संपल्यावर वडील "पेपर आणतो" म्हणून बाहेर गेले आणि थोड्या वेळाने दाढी लावलेला सांता आला. मित्राची पाच वर्षांची पुतणी मला हळूच म्हणाली, "आजोबा नेमके आत्ताच गेले."

मी शाकाहारी. टेबलावर हेरिंग मासाच सहा प्रकारचा. बटाट्याचं एक सायीतलं भाजकं दिसलं, दोनदा घेतलं, फार छान. तिसऱ्यांदा घेताना मित्राला नाव विचारलं. "यान्सनचा मोह. बटाटा, कांदा, साय आणि मासे." छोटे खारवलेले मासे विरघळलेले असतात, दिसत नाहीत. आईला हा परिच्छेद दाखवू नका.

योटेबोरी (गोथेनबर्ग), स्वीडन

थोडक्यात लिहिते, दोन्ही पोरं घरी आहेत. इडलीचं पीठ ओव्हनमध्ये ठेवून आतला फक्त दिवा लावायचा, रात्रीत फुगतं. फोडणी देण्याआधी कोट बेडरूममध्ये नेऊन दार लावा, नाहीतर ट्राममध्ये हिंग तुमच्या आधी पोहोचतो. आणि आजारी मुलांसाठी पगारी रजा मिळते तिला इथे वाब म्हणतात. फेब्रुवारीत सगळे आई-बाप तीच घेऊन घरी, म्हणून महिन्याचं नावच वाब्रुआरी. आज आमचा सहावा दिवस.

उप्सालाहून पुन्हा

बदामवाल्या ताई, कबूल करून टाका.

आमच्याकडे १३ जानेवारीला नाताळचं झाड घराबाहेर जातं, क्नूटचा दिवस म्हणतात. त्याच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी संक्रांत. यंदा तारा उतरवायला समोरच्या बाई मदतीला आल्या, तेव्हा त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि "गोड बोला"चं स्वीडिश करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "जानेवारीत इथे कोण बोलतं?" आणि आणखी दोन वड्या उचलल्या.