कमिटीने मेंटेनन्सच्या बिलात थेट दंड लावावा का?

तळजाई

आमची पुण्यातली ८४ फ्लॅटची नोंदणीकृत सहकारी गृहनिर्माण संस्था. या तिमाहीच्या बिलात एक नवी ओळ आली, ‘शिस्तभंग शुल्क’. कारण काय, तर दाराबाहेर ठेवलेलं चपलांचं कपाट. दर आठवड्याला ५०० रुपये. आधी नोटीस नाही, विचारणा नाही. ऑफिसात गेले तर उत्तर मिळालं, “कमिटीचा ठराव झालाय, ग्रुपवर टाकला होता.”

कपाट मी त्याच दिवशी आत घेतलं. पॅसेज मोकळा हवा याबद्दल माझं काही म्हणणं नाही. म्हणणं आहे ते पुढच्या प्रकाराबद्दल.

मी दंड वगळून बाकीचा मेंटेनन्स भरला. सोसायटीने ते पैसे आधी दंडात वळते केले आणि तेवढा मेंटेनन्स बाकी दाखवला. त्यावर आता वार्षिक २१ टक्के व्याज. म्हणजे मेंटेनन्स वेळेवर भरूनही कागदावर मी थकबाकीत. तीन महिने असंच राहिलं की नाव थकबाकीदारांच्या यादीत जाणार, आणि थकबाकीदाराला कमिटीची निवडणूक लढवता येत नाही. आमच्याकडे निवडणूक जवळ आली आहे. गेल्या सभेत रंगकामाच्या कोटेशनबद्दल ज्यांनी प्रश्न विचारले, त्यांतली काही नावं आज त्या यादीत आहेत. हा योगायोग असेलही, पण कमिटीच्या एका ठरावावर असं घडू शकतं हेच मला भयंकर वाटतं.

आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या सरकारी नमुना नियमावलीत, दंडाची तरतूद आहे आणि ती मी वाचली. नियमभंगाबद्दल सभासदाला आधी लेखी कळवायचं. तरी तो थांबला नाही तर कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचं म्हणणं ऐकायचं आणि मगच दंड. दर ठरवायचा सर्वसाधारण सभेने, कमिटीने नव्हे. आणि एका आर्थिक वर्षात एकूण दंड ५,००० रुपयांच्या वर जाता कामा नये. आमच्याकडे यातली एकही पायरी झालेली नाही.

दंड असावा. पण सभेने दर ठरवल्याशिवाय आणि माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय तो बिलात येता कामा नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

जुना सेक्रेटरी

ताई, तुमच्या कमिटीने नोटीस द्यायला हवी होती. पण धाग्याचा प्रश्न त्याहून मोठा आहे आणि त्याचं माझं उत्तर ‘हो, थेट लावावा’ असंच आहे. बरीच वर्षं सेक्रेटरीपद सांभाळून हे लिहितोय.

चपलांच्या कपाटापासूनच सुरू करू. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली इमारतीची अग्निशमन यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावं लागतं. ते लोक येतात तेव्हा होज रीलच्या (आग विझवायच्या पाइपच्या) पेटीसमोर कुणाची सायकल असते, जिन्यात कुणाचं जुनं फ्रिज. रात्री धूर भरलेल्या पॅसेजमधून म्हातारी माणसं खाली आणायची वेळ आली तर तिथलं प्रत्येक कपाट आडवं येणार. आणि तेव्हा विचारणा कमिटीलाच होणार.

आता नोटिशीचं. मी नोटिसा दिल्या आहेत. लोक घेत नाहीत. दार उघडत नाहीत, घेतली तर पोच देत नाहीत, रजिस्टर पत्र परत येतं. सुनावणीला बोलावलं तर ‘टूरवर आहे’. तोवर चार महिने जातात आणि शेजारचा म्हणतो, त्याला काही केलं नाहीत, मग मलाच का? पाचव्या महिन्यात अख्खा मजला कपाटांनी भरलेला असतो.

आणि ५,००० ची मर्यादा? आमच्या इमारतीत एकाने फ्लॅट रोजच्या भाड्याने पर्यटकांना द्यायला सुरुवात केली होती. रात्री दोनला बॅगा ओढत अनोळखी माणसं, लिफ्टमध्ये दारूचा वास. त्याने मला सरळ सांगितलं, “वर्षाचे पाच हजार आत्ताच घेऊन ठेवा.” त्याला सुनावणीची धमकी देऊन काय फरक पडणार होता?

कमिटीतली माणसं बिनपगारी असतात. रात्री टाकी रिकामी झाली की टँकरवाल्याला फोन तेच करतात. त्यांच्या हातात एक साधं, लगेच लागू होणारं हत्यार तरी राहू द्या.

लातूरची सध्या पुण्यात

मी भाडेकरू आहे, त्यामुळे सभेत बसायचाही हक्क नाही. म्हणून इथे लिहिते.

आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो, तिघींच्या नोकऱ्या आहेत. सोसायटीचा नियम असा की रात्री दहानंतर पुरुष पाहुणा आला तर १,००० रुपये. माझा सख्खा भाऊ लातूरहून रात्रीच्या गाडीने परीक्षेला आला. वॉचमनने वहीत नोंद केली आणि दंड मालकाच्या बिलात गेला. मालकाने तो आमच्या डिपॉझिटमधून कापणार असं कळवलं. समोरच्याच फ्लॅटमध्ये मालक स्वतः राहतात, त्यांच्याकडे बारा वाजेपर्यंत पाहुणे असतात. तिथे वही निघत नाही.

सेक्रेटरी काका, ‘लगेच लागू होणारं हत्यार’ म्हणता ते पहिल्यांदा कुणावर चालतं, ते बघा. ज्याला मत नाही त्याच्यावर.

मुलुंडकर

वरच्या ताईंच्या प्रकरणात तो नियमच टिकणारा नाही. सज्ञान माणसाकडे कोण पाहुणा यावा हे ठरवायचा अधिकार सोसायटीला कुठल्याही उपविधीने दिलेला नाही. अशा नियमाचा ठराव सभेत झाला असला तरी सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. तक्रार मालकाने करायला हवी, कारण सभासद तो आहे. मालकाला तसं लेखी कळवा आणि डिपॉझिट कापायला हरकत नोंदवा.

भाड्याचाच विषय निघाला आहे तर आणखी एक. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायट्या बिनभोगवटा शुल्काच्या नावाखाली वाटेल ते घेतात. २००१ च्या शासन आदेशाने त्याची मर्यादा सेवा शुल्काच्या १० टक्के ठेवली आहे. महापालिकेचा कर त्यात धरायचा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये ही मर्यादा कायम ठेवली. म्हणजे बिलातलं सेवा शुल्क २,००० असेल तर २०० रुपये, बस्स. आईवडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी राहत असतील तर तेही नाही. तरीही आमच्या भागात तीन-तीन हजार घेणाऱ्या सोसायट्या आहेत, आणि लोक भरतात, कारण मेंटेनन्सची पावती अडली की फ्लॅट विकताना ना-हरकत दाखला अडतो.

माझा मुद्दा: कायद्याने मर्यादा घालूनही हे चालतं. मग सेक्रेटरीसाहेब म्हणतात तशी मर्यादाच काढली तर काय होईल?

जुना सेक्रेटरी

मर्यादा काढा असं मी म्हटलेलं नाही. नियमभंगाप्रमाणे ती कमी-जास्त असावी. गॅलरीत कुंडी ठेवणारा आणि धंद्यासाठी फ्लॅट वापरणारा, दोघांना एकच पाच हजारांची मर्यादा कशी?

भावाच्या प्रसंगाबद्दल वाईट वाटलं. तो दंड चुकीचाच. पण नियम वाईट होता म्हणून वसुलीची पद्धत वाईट ठरत नाही. कुठला नियम करायचा हा एक प्रश्न, तो अमलात कसा आणायचा हा दुसरा.

तळजाई

हे दोन प्रश्न वेगळे करता येत नाहीत, काका. वाईट नियम वाईट आहे हे कळतं कधी? कुणीतरी समोर बसून “हे चूक आहे” म्हणतं तेव्हा. सुनावणी झाली असती तर लातूरच्या ताईच्या मालकाला “तो तिचा भाऊ होता” एवढं एक वाक्य बोलता आलं असतं. बिलातल्या ओळीसमोर ते कुणाला सांगायचं?

आणि टूरवर असणाऱ्यांसाठी उपाय आहे. नोटीस ईमेलवर द्या, दारावर लावा, फोटो काढून ठेवा, सुनावणीची तारीख द्या. तो आला नाही तर त्याच्या गैरहजेरीत निर्णय घ्या. तीन आठवड्यांत काम होतं. कपाटासाठी तीन आठवडे थांबणं परवडतं. रोजच्या भाड्याच्या फ्लॅटसाठी दंड हा मार्गच नाही, त्यासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जाऊन मनाई मागायला हवी.

जुना सेक्रेटरी

सहकार न्यायालयात गेला आहात का कधी? तारखा बघा तिथल्या. आमचा पर्यटकांचा फ्लॅट बंद झाला तो न्यायालयामुळे नाही, मालकाला दुसरीकडे जास्त भाडं मिळालं म्हणून.

फ्रिस्कोची

टेक्ससमधून लिहिते आहे. इकडे स्वतंत्र बंगल्यांच्या वसाहतींनाही घरमालक संघटना असते, आणि घर घेतलं की सभासद होणं टाळता येत नाही. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला, गवत वाढलं, कुंपणाचा रंग ठरलेल्या छटेचा नसला, की पत्र येतं. मी इथे राहायला आले तेव्हा दारावर तोरण आणि बाजूला गणपतीची फरशी लावली होती, त्यावरूनही पत्र आलं. तेव्हा कळलं की टेक्ससमध्ये दारावरच्या धार्मिक वस्तूंवर संघटनेला सरसकट बंदी घालता येत नाही, तसा राज्याचा कायदाच आहे. मी त्याची प्रत पाठवली आणि विषय संपला.

इथल्या कायद्याने दंडाआधी लेखी नोटीस, चूक सुधारायला वाजवी मुदत आणि मागितल्यास संचालक मंडळापुढे सुनावणी द्यावी लागते. नुसत्या दंडाच्या थकबाकीपोटी घर जप्त करून विकता येत नाही. कॅलिफोर्नियाने तर जुलै २०२५ पासून बहुतेक नियमभंगांसाठी १०० डॉलरची मर्यादा घातली. तिथल्या काही संघटना आता जुन्या सेक्रेटरींसारखंच म्हणत आहेत, की श्रीमंत माणूस शंभर डॉलर देऊन हवं ते करेल.

पण माझा अनुभव सांगते. सुनावणी ज्यांनी दंड लावला त्यांच्यापुढेच होते. माझ्या शेजारणीने गवताबद्दल सुनावणी मागितली. समोर बसले होते तेच पाच जण. दहा मिनिटांत ‘दंड कायम’. तळजाई, तुम्ही सुनावणी मागताय ती कुणापुढे हे आधी ठरवा. नाहीतर कागद पूर्ण होईल आणि हाती काही लागणार नाही.

मुलुंडकर

हा मुद्दा महत्त्वाचा. आमच्याकडे एक प्रयोग चालू आहे. सभेत कमिटीबाहेरचे तीन सभासद निवडले, एक निवृत्त शिक्षिका, एक सीए आणि एक तरुण मुलगी. दंडाचं प्रकरण आधी त्यांच्याकडे जातं. ते ऐकून शिफारस करतात आणि कमिटी त्यावर निर्णय घेते. कायद्याने अंतिम सही कमिटीचीच, पण शिफारशीविरुद्ध जायचं तर कारण लिहावं लागतं. बहुतेक लोक शिक्षिकाबाईंनी फोन केला की कपाट स्वतःच हलवतात.

चिंचवडचा

सगळे सभेबद्दल बोलताहेत. सभेला येतं कोण? आमच्या वार्षिक सभेला गणपूर्ती होत नाही. अर्धा तास थांबायचं आणि मग जे असतील त्यांच्यात तीच सभा पुढे चालवायची. चौदा-पंधरा माणसं सगळ्या सोसायटीचे दर ठरवतात, त्यातली निम्मी कमिटीचीच. तुमची ‘सर्वसाधारण सभा’ आणि ‘कमिटी’ यात फरक किती उरतो? जे ग्रुपवर रात्री एक वाजता भांडतात, ते रविवारी अकराला क्लब हाऊसमध्ये दिसत नाहीत. दंड नको असणाऱ्यांनी आधी सभेला यावं. या बाबतीत मी सेक्रेटरींच्या बाजूचा आहे. जे काम करतात त्यांच्या हातात अधिकार जाणारच.

लातूरची सध्या पुण्यात

आणि ज्यांना सभेला यायची परवानगीच नाही, त्यांनी काय करावं?

तळजाई

चिंचवडचे, सभेला लोक येत नाहीत हे खरं आहे, आणि त्याचं मलाही दुःख आहे. पण म्हणून सभेचा अधिकार कमिटीकडे जात नाही. पंधरा माणसांसमोर ठराव मांडावा लागतो, इतिवृत्तात लिहावा लागतो, त्याची प्रत मागता येते. आमच्याकडचा ‘ठराव’ मी मागितला तेव्हा ग्रुपवरच्या संदेशाचा फोटो मिळाला.

लातूरच्या ताई, दंडाचे दर ठरतील त्या सभेत भाडेकरूंचं म्हणणं लेखी घ्यावं, असा मुद्दा मी मांडणार आहे. मत देता येणार नाही, पण वाचून दाखवता येईल.

मी काय करते आहे ते सांगते. एक पंचमांश सभासदांनी सह्यांनिशी मागणी केली तर कमिटीला महिन्याभरात विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी लागते. आमच्यासाठी १७ सह्या. त्या गोळा करायला सुरुवात केली आहे. सभेपुढे विषय: लावलेला दंड परत करणे, मेंटेनन्सचे पैसे दंडात वळते न करणे आणि मुलुंडकरांसारखी तिघांची समिती. दंडाची रक्कम मी हरकत नोंदवून भरून टाकली आहे, म्हणजे निवडणुकीआधी मला थकबाकीदार म्हणता येणार नाही. वरच्या यादीतल्या इतरांनाही तेच सुचवलं आहे.

जुना सेक्रेटरी

हरकतीसह भरलंत ते योग्य केलंत. पोच जपून ठेवा.

पण विषयपत्रिकेत फक्त परताव्याचे विषय दिसताहेत. पॅसेज अडवणे, पाइपने गाडी धुणे, रोजच्या भाड्याने फ्लॅट देणे, यांचे दर त्याच सभेत ठरवून घ्या. नाहीतर दंड परत जाईल, कपाटं परत येतील आणि पुढच्या कमिटीला कुणी सेक्रेटरी मिळणार नाही. आणि माझं मत बदललेलं नाही. पहिल्या नोटिशीनंतर सात दिवसांत दंड बसायलाच हवा, सुनावणी हवी असेल त्याने त्या सात दिवसांत मागावी.

तळजाई

दरांचा विषय चौथ्या क्रमांकावर घेतला. सात दिवस मला कमी वाटतात, मी एकवीस मांडणार आहे. सभेत जे ठरेल ते पाळेन. परताव्याचा विषय मात्र पहिलाच राहील.