'इलेक्ट्रिक सुपरचार्जर'ला मराठीत काय म्हणाल?

गोदाकाठची:
एका गाडीच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करतेय आणि 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर'पाशी गाडं अडलंय. इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा, विजेच्या मोटरवर फिरणारा कॉम्प्रेसर. 'विद्युत अतिभारक' लिहिलं आणि अंबडच्या आमच्या मेकॅनिकला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "ताई, अतिभार म्हणजे ओव्हरलोड. ट्रकवाल्याची पावती फाडतात तो." मग 'सुपरचार्जर'च ठेवला, तर मुद्रितशोधकाने त्याचं 'जलद चार्जिंग केंद्र' करून टाकलं! टेस्लाच्या केंद्रांना तेच नाव आहे ना. सोमवारी सकाळी फाइल द्यायची आहे.

पान्हा_१२_१३:
टर्बो लिहा, मोकळ्या व्हा.

गोदाकाठची:
टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरावर फिरतो. हा विजेवर. पुस्तिकेत दोन्ही आहेत.

पान्हा_१२_१३:
ते ठाऊक आहे हो, वीस वर्षं तेच खोलतोय. कसारा घाटात तिसऱ्या गिअरला पाय दाबला की गाडी आधी दम खाते आणि मग एकदम उचलते, तो मधला दम म्हणजे लॅग. इंजिन कमी फिरत असताना धूर कमी, मग टर्बोला जोर कुठून येणार? तेवढ्यापुरती ही मोटर हवा ढकलते. ऑडीने २०१६ साली एसक्यू७मध्ये बसवली: ४८ व्होल्ट, ७ किलोवॅट, पाव सेकंदात पूर्ण वेगात. साध्या गाडीच्या १२ व्होल्टवर तेवढीच ताकद काढायची तर जवळपास ६०० अँपिअर ओढावे लागतील. म्हणून सांगतो, ऑनलाइन जो प्लास्टिकचा पंखा याच नावाने विकतात तो घेऊ नका. माझ्या मेव्हण्याने घेतला. वळिवात छत्री धरून काय होतं, तेवढंच झालं.

शुद्धमती:
आधी एक दुरुस्ती. संधी करायचाच तर 'विद्युदतिभारक' होईल. आणि मेकॅनिक हसला म्हणून शब्द टाकायचा नसतो. 'महापौर', 'दिग्दर्शक' हे सावरकरांचे शब्द. त्यांचं जन्मगाव भगूर इथून, नाशकातून, हाकेच्या अंतरावर. लोक त्यांनाही हसलेच असतील.

पान्हा_१२_१३:
महापौराला स्पेअर पार्टच्या दुकानात जाऊन मागावं लागत नाही, काकू.

शुद्धमती:
मी काकू नाही. काका आहे.

जुना_तांबट_लेन:
मेकॅनिक हसला खरा, पण 'अतिभार' मुळाला धरून आहे. इंग्रजी 'चार्ज'च्या मुळाशी लॅटिनमधलं 'गाडीवर माल लादणं' आहे, आणि 'कार'ही त्याच गाडीतून आली. 'टर्बो'ची तर गंमतच. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ लहान मुलं फिरवतात तो भोवरा, शिवाय वावटळ, शिवाय पाण्यातला भोवरा. आपल्या 'भोवऱ्या'तही खेळणं आणि पाणी दोन्ही आहेत. असा आयता शब्द हाताशी असून आपण अतिभारक घडवत बसलोय.

पण मुद्दा तो नाही. लहानपणी शेजारच्या तांबटांकडे कातड्याचा भाता होता. तो ओढायला मिळावा म्हणून आम्ही पोरं रांग लावायचो. ओढला की 'फस्स' व्हायचं आणि कोळसा लाल होऊन पांढरा पडायचा. पुढे त्यांनी विजेचा ब्लोअर आणला. कातडं गेलं, दांडा गेला, नुसतं बटण. तरी म्हातारे पोराला ओरडायचे, "भाता चालू कर रे!" कोंडून हवा दिली की आग जोरात धरते, गाडीतही हेच चाललंय. 'विजेचा भाता' लिहा.

गोदाकाठची:
वा! हे आवडलं.

शुद्धमती:
भाता म्हणजे बाणांचाही. वाचकाला वाटेल गाडीत रामबाण बसवलेत.

जुना_तांबट_लेन:
पंचवटीत राहून रामबाणाची भीती? दोन्ही भाते संस्कृत 'भस्त्रा'वरूनच आलेत, कातड्याची पिशवी. भस्त्रिका प्राणायाम करता ना?

शुद्धमती:
करतो. त्यापेक्षा 'धमनी' बरा. 'ध्मा' म्हणजे फुंकणे.

पान्हा_१२_१३:
धमनी रक्ताची. गिऱ्हाइकाला "तुमची धमनी गेली, बदलावी लागेल" असं सांगू का?

निफाडची_सून:
माझे आजेसासरे बैलगाडीला धमणी म्हणायचे. बसायची, हलकी, दोन बैलांची. ती पण फुंकण्यावरून का?

जुना_तांबट_लेन:
ती दमणी, 'द'ने.

निफाडची_सून:
आमच्याकडे 'ध'नेच म्हणायचे. मी बसलेय त्यात.

शुद्धमती:
बसल्याने व्युत्पत्ती सिद्ध होत नाही.

पान्हा_१२_१३:
पण मूळव्याध होते, रस्ता बघता.

गोदाकाठची:
मंडळी, सोमवार. 'विजेचा भाता' लिहून संपादकांना पाठवला होता. त्यांनी कळवलंय की शब्द छान आहे, पण 'भाता' चुकून पडलाय का, 'भत्ता' हवं का?

निफाडची_सून:
आत्ताच आत्याबाईंना फोन लावला. त्याही धमणीच म्हणाल्या.

जुना_तांबट_लेन:
आत्याबाई कुठल्या? येवल्याकडच्या असतील तर वेगळं.