तीन निवृत्त झाले तर एकच भरायचा: असा कायदा हवा की नको?

उलटतपासणी
सरकारी नोकरकपातीच्या विधेयकांचा साचा बहुतेक ठरलेला असतो. कुणाला घरी बसवायचं नाही. लोक निवृत्त होतील तसे होऊ द्यायचे आणि सगळ्या जागा भरायच्या नाहीत. अमेरिकेत २०११ मध्ये आलेल्या विधेयकात तिघांमागे एक असं सूत्र होतं. फ्रान्सने २००७ नंतर दोघांमागे एक ठेवलं, ग्रीसने २०१० च्या अरिष्टानंतर पाचांमागे एक.

माझं मत: हवा. कारण ‘आमची पदं कमी करा’ असं कुठलंच खातं आपणहून म्हणत नाही. १९१४ मध्ये ब्रिटिश नौदलाच्या सेवेत ६२ मोठ्या युद्धनौका होत्या, १९२८ मध्ये २० उरल्या. त्याच काळात नौदल मुख्यालयातले अधिकारी-कारकून २,००० वरून ३,५६९ वर गेले. ब्रिटिश इतिहासकार पार्किन्सनने १९५५ मध्ये हे आकडे मांडले. जहाजं गेली, टेबलं वाढली. ती आवरणार कोण?

नदीकाठ
निवृत्ती काही गरज बघून येत नाही हो. ज्या खात्यात वयस्कर जास्त, तिथे कात्री. लेखापरीक्षणातले दहा जण एका वर्षात गेले की ते खातं बसलं. शेजारच्या खात्यात तरणी मंडळी रिकामी बसली असतील तर त्यांच्या केसालाही धक्का नाही. वय बघून कामाची छाटणी, हा कुठला न्याय?

उलटतपासणी
मान्य. पण ‘गरज बघून’ म्हटलं की समिती नेमणार, समितीला मुदतवाढ मिळणार, अहवाल कपाटात जाणार. आंधळी कात्री निदान चालते तरी.

सेवापुस्तक
आस्थापना शाखेत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या नोकरीचे कागद सांभाळणाऱ्या शाखेत, माझी २२ वर्षं गेली. आमच्याकडे कायदाबियदा नव्हता, नुसती भरतीबंदी होती. तेवढ्यावर तीन टेबलं माझ्याकडे आली. कागदोपत्री त्याला ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणतात.

एका शिपायाचं पेन्शन प्रकरण सांगतो. सेवापुस्तकात, म्हणजे त्याच्या नोकरीच्या नोंदवहीत, मधल्या चौदा महिन्यांची पडताळणीच नव्हती. त्या काळातली पगारबिलं कार्यालय हलवताना दुसऱ्या इमारतीत गेली होती, हे फक्त आमच्या जुन्या हेडक्लार्कना ठाऊक. ते निवृत्त झालेले, जागा भरलेली नाही, त्यामुळे त्यांच्या हाताखाली कुणी तयारही झालेलं नाही. माणूस सात महिने खेटे घालत होता. शेवटी मीच त्यांना घरी फोन केला. ते आले, शर्टाच्या बाह्या सारल्या आणि दुपारभर माळ्यावरचे गठ्ठे उपसले. चौथ्या गठ्ठ्यात बिलं सापडली. जाण्यायेण्याचे पैसे देऊ केले, तर म्हणाले, “चहा पाजा.”

खडूफळा
काका, ऐकून वाईट वाटलं. पण हे माणसं कमी असल्याचं फळ नाही, गठ्ठे वेळेत स्कॅन न केल्याचं आहे. ज्ञान एकाच्या डोक्यात ठेवायचं आणि मग त्याच्या जाण्याचं दुःख करायचं, हे तरी कशाला? संगणकावर आणा, दोन माणसांत होईल.

नदीकाठ
अगदी हेच म्हणून कॅनडाने केंद्रीय कर्मचाऱ्यांचं पगाराचं काम मिरामिची नावाच्या गावात एकवटलं आणि २०१६ मध्ये ‘फीनिक्स’ प्रणाली सुरू केली. वर्षाला सात कोटी डॉलर वाचणार होते. जाणकार पगार-कारकुनांची पदं आधीच कमी केली होती. मग कुणाला पगारच नाही, कुणाला दुप्पट, आणि निस्तरायला जुनी माणसं हाताशी नाहीत. निस्तरण्याचा खर्च अब्जावधी डॉलरवर गेला.

उलटतपासणी
फीनिक्स ही घाई होती. कॅनडाचंच दुसरं उदाहरण घ्या ना. १९९५ च्या अर्थसंकल्पात ४५,००० सरकारी पदं कमी करायचं ठरलं आणि १९९७-९८ पर्यंत तूट संपली. देश बुडाला नाही.

नदीकाठ
उलटतपासणीराव, हा तर सेल्फ गोल झाला! तेव्हा त्यांनी आधी एकेक कार्यक्रम पुढ्यात घेऊन विचारलं होतं: हे काम लोकहिताचं आहे का, सरकारनेच करायला हवं का, परवडतं का? कामं आधी बंद, पदं नंतर. तुमच्या तीनास-एकमध्ये काम तसंच राहतं, माणूस तेवढा जातो.

आणि राहिलेलं काम कुठे जातं, तेही बघा. ऑस्ट्रेलियाने २०१५ पासून कर्मचारीसंख्येवर मर्यादा घातली. पुढे सरकारनेच हिशेब काढला, तेव्हा २०२१-२२ या एका वर्षात जवळपास ५४,००० जणांचं काम कंत्राटदार, सल्लागार आणि बाहेरच्या संस्थांकडून करून घेतल्याचं निघालं. खर्च २०.८ अब्ज डॉलर.

खडूफळा
मग कंत्राटांवरही त्याच कायद्यात मर्यादा घाला. पळवाट आहे म्हणून दरवाजाच लावायचा नाही, असं थोडंच?

उलटतपासणी
कंत्राटाचा मुद्दा लागला, नाकारत नाही. मग विधेयकात एक कलम वाढवा: पद रद्द करायचं तर त्याबरोबर कुठलं काम बंद होतंय, ते खात्याने लिहून द्यायचं. काम बंद होत नसेल तर पद ठेवा. पण तीनास-एक मी सोडत नाही. ती टांगती तलवार नसली तर ही यादी कुणी करणारच नाही.

सेवापुस्तक
कलम चांगलं आहे. फक्त ती यादी करायचं काम आस्थापना शाखेकडेच येईल. चौथं टेबल.