गुरगुरणारा, पण शेपूट हलवणारा कुत्रा नेमके काय सांगतो?

प्रश्न :
आमचा कुत्रा स्वभावाने शांत आहे. मात्र अलीकडे मुलगी त्याच्या गळ्यात हात टाकून बसली की तो जांभई देतो, नाक चाटतो, मान वळवतो आणि तरीही ती बाजूला झाली नाही तर गुरगुरतो. शेपूट मात्र तेव्हाही हलत असते. मी ओरडले की तो कान पाडून नजर चुकवतो. म्हणजे आपले चुकले हे त्याला कळते का?

प्रतिसाद १ :
भूक वा झोप नसताना दिलेली जांभई, नाक चाटणे आणि मान वळवणे या तिन्ही गोष्टी मिळून तो अवघडला असल्याचे सांगतात, आणि त्या कोणी ध्यानात घेतल्या नाहीत म्हणूनच तो गुरगुरतो. त्यासाठी त्याला कृपया दटावू नका. धाकाने गुरगुरणे थांबते, भीती मात्र तशीच राहते, आणि असा कुत्रा पुढे कोणताही इशारा न देता चावू शकतो. शेपूट हलते म्हणजे तो आनंदात आहे, हा समज तर फारच धोकादायक आहे. अंग सैल असून कंबरेसकट शेपूट डोलत असेल तर गोष्ट वेगळी. पण अंग ताठ, तोंड घट्ट मिटलेले आणि शेपूट उंच धरून थरथरत असेल, तर मुलीला शांतपणे दूर बोलवावे.

प्रतिसाद २ :
कान पाडून नजर चुकवणाऱ्या या अपराधी चेहऱ्याबद्दल कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांचा 2009 मधील प्रयोग पाहण्यासारखा आहे. मनाई केलेला खाऊ कुत्र्याने खाल्ला होता की नाही, यावर तो चेहरा अवलंबून नव्हता. मालक रागावला की तो दिसे, आणि खाऊला तोंडही न लावलेल्या कुत्र्यांत तर अधिकच ठळकपणे दिसे. तुमचा कुत्रा चुकीची कबुली देत नसून तुमचा राग शांत करू पाहतो आहे.

प्रतिसाद ३ :
वागणे अलीकडेच बदलले असेल, तर आधी पशुवैद्यांकडून कान, दात, मान आणि सांधे तपासून घ्या, कारण दुखऱ्या जागी हात लागला की शांत कुत्राही गुरगुरतो. तोवर दोघांना एकटे सोडू नका आणि गळ्यात हात टाकणे पूर्ण बंद करा. मुलीने एका जागी बसावे, तो आपणहून आला तर छातीवर किंवा खांद्यावर थोडे कुरवाळून हात काढून घ्यावा. तो पुन्हा जवळ सरकला तरच पुढे कुरवाळावे, निघून गेला तर जाऊ द्यावे.