ओपनबीएसडी आणि लिनक्स या दोन्हींवर चालणारा, मराठी टंकनालाही सोयीचा मेकॅनिकल कीबोर्ड कोणता घ्यावा?

सांगलीकर

नमस्कार. माझ्या घरच्या थिंकपॅड लॅपटॉपवर ओपनबीएसडी ही युनिक्सच्या कुळातील प्रणाली आहे आणि कार्यालयातील संगणकावर डेबियन लिनक्स आहे. कामाचे स्वरूप असे, की निम्मा दिवस टर्मिनलमध्ये जातो आणि निम्मा दिवस मराठी मजकूर लिहिण्यात व तपासण्यात. मराठी मी इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांसाठीच्या प्रमाण कळरचनेने टंकतो. लॅपटॉपच्या चपट्या कळांवर आता बोटे भरून येतात, म्हणून मेकॅनिकल कीबोर्ड घ्यावा असे ठरवले आहे, परंतु जो खोका पाहावा त्यावर विंडोज आणि मॅक एवढेच छापलेले असते आणि सोबतचे सॉफ्टवेअरही त्याच दोघांसाठी असते.

मला रंगीत दिव्यांचे आकर्षण नाही. घरच्या संगणकाची डिस्क कूटबद्ध असल्यामुळे तो सुरू होतानाच सांकेतिक वाक्य टंकावे लागते, आणि कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल असण्याची मला जुनी सवय आहे. ब्लूटूथ असलेला घ्यावा की तारेचा, कळा किती असाव्यात आणि स्विच (कळेखालचे खटके) कोणते असावेत, याविषयी ज्यांनी अशा प्रणालींवर प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे. खर्च दहा हजारांच्या आत राहिला तर बरे.

कर्जत_लोकल

खोक्यावर काय छापले आहे ते मनावर घेऊ नका. यूएसबी कीबोर्ड संगणकाला अक्षर पाठवतच नाही. कोणत्या जागेवरची कळ दाबली गेली, त्या जागेचा ठरलेला क्रमांक तेवढा पाठवतो. इंग्रजी 'ए'च्या कळेचा क्रमांक ४ आहे, आणि त्या क्रमांकाचे पडद्यावर 'ए' करायचे की इनस्क्रिप्टमधील ओकाराची मात्रा करायची, हे सर्वस्वी प्रणाली ठरवते. हे क्रमांक सगळ्या कंपन्यांसाठी एकच असल्यामुळे ओपनबीएसडीचा यूकेबीडी हा ड्रायव्हर जवळपास कोणताही तारेचा कीबोर्ड जोडताक्षणी ओळखतो. अडचण सुरू होते ती या मूळ कामाच्या पलीकडे, म्हणजे बिनतारी जोडणी, दिवे आणि कळांची अदलाबदल या तीन ठिकाणी. त्यांपैकी दिवे तुम्हीच बाद केले आहेत.

ब्लूटूथचा विचार घरच्या संगणकापुरता सोडूनच द्या. ओपनबीएसडीने आपला ब्लूटूथचा सगळा भाग २०१४ साली, ५.६ या आवृत्तीपासून, काढून टाकला आणि तो परत आणलेला नाही. शिवाय डिस्कचे सांकेतिक वाक्य बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा छोटा कार्यक्रम) विचारतो, तेव्हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, सुरूही झालेला नसतो आणि कीबोर्ड वाचण्याचे काम मदरबोर्डचे स्वतःचे फर्मवेअर (उपकरणातच बसवलेले सॉफ्टवेअर) करत असते; तिथे ब्लूटूथवर भिस्त ठेवता येत नाही. लिनक्समध्येही कूटबद्ध डिस्क उघडण्यापूर्वी साधारण हीच स्थिती असते. तार नकोच असेल तर २.४ गिगाहर्ट्झचा स्वतःचा रिसीव्हर असलेला कीबोर्ड चालू शकतो, कारण तो रिसीव्हर संगणकाला साधा यूएसबी कीबोर्ड म्हणूनच दिसतो. मी मात्र तारेचाच घ्या असे म्हणेन.

आता मुख्य मुद्दा. ज्याची सगळी जुळवणी कीबोर्डच्या स्वतःच्या स्मृतीत राहते असाच कीबोर्ड निवडा, म्हणजे प्रणाली कोणती आहे हा प्रश्नच उरत नाही. क्यूएमके हे मुक्त स्रोत फर्मवेअर नेमके हेच करते. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल तुम्ही एक्समध्ये, म्हणजे खिडक्या दाखवणाऱ्या चित्रप्रणालीत, सेटएक्सकेबीमॅप या आदेशाने आणलात तर तो फक्त एक्समध्येच चालतो. कन्सोलसाठी, म्हणजे एक्सबाहेरच्या नुसत्या मजकुराच्या पडद्यासाठी, डब्ल्यूएसकॉन्ससीटीएलमध्ये वेगळी नोंद करावी लागते, आणि बूटलोडरपुढे तर दोन्हींचे काही चालत नाही. तोच बदल कीबोर्डमध्ये केला, तर तो तिन्ही ठिकाणी आणि कार्यालयातील संगणकावरही आपोआप लागू होतो.

हा बदल करण्यासाठी व्हाया किंवा व्हायल ही साधने वापरतात. व्हाया ब्राउझरमध्ये चालते, पण फक्त क्रोमियमच्या कुळातील ब्राउझरमध्ये. फायरफॉक्समध्ये त्यासाठी लागणारी वेबएचआयडी ही, संकेतस्थळाला कीबोर्डशी थेट बोलू देणारी, सोय नाही. म्हणून हे काम कार्यालयातील डेबियनवर उरकावे. तिथे कीबोर्ड दिसला तरी उघडता येत नाही असे झाले, तर एचआयडीरॉ उपकरणाची (कीबोर्डशी थेट बोलण्याच्या वाटेची) परवानगी देणारा एका ओळीचा नियम यूडेव्ह या लिनक्सच्या उपकरणे हाताळणाऱ्या सेवेसाठी लिहावा लागतो. बहुतेक जण अडतात ते इथेच आणि दोष कीबोर्डला देतात. एकदा जुळवणी झाली, की कीबोर्ड काढून घरी ओपनबीएसडीला लावा; तिथे काहीही बसवावे लागत नाही. व्हायलचा फायदा असा, की कीबोर्डचे वर्णन त्याच्या फर्मवेअरमध्येच साठवलेले असते, त्यामुळे वर्णनाची फाइल वेगळी शोधत बसावे लागत नाही.

निळा_खटका

वरचे सगळे मान्य आहे, पण एवढ्या खटाटोपाची गरज प्रत्येकाला असतेच असे नाही. टीव्हीएस गोल्ड हा आपल्याकडचा जुना मेकॅनिकल कीबोर्ड सगळ्यांच्या ओळखीचा आहे. रेल्वे आरक्षणाच्या खिडकीपलीकडून येणारा खटखटाट बऱ्याचदा त्याचाच असायचा. पूर्ण १०४ कळा, साधा यूएसबी, सॉफ्टवेअर म्हणून काहीच नाही, आणि किंमत तुमच्या मर्यादेच्या बरीच आत. ओपनबीएसडीवर त्याला कोणतीही अडचण येत नाही, कारण अडचण यावी असे त्यात काही नाहीच. कॅप्स लॉकची अदलाबदल प्रणालीत करावी लागेल आणि बूटलोडरपुढे ती मिळणार नाही. पण सांकेतिक वाक्य टंकताना कंट्रोलची कळ लागतेच कुठे?

मात्र त्याचा आवाज मोठा आहे. जुन्या नगांमध्ये चेरीचे निळे स्विच असत, आणि प्रत्येक कळ दाबताना टिचकी वाजणे हा त्या स्विचचा मूळ गुणच आहे. घरी एकटे बसून लिहिणाऱ्याला तो आवडतो. कार्यालयात शेजाऱ्याला किती आवडेल ते विचारून घ्यावे.

आयबीएमच्या १९८५ सालच्या मॉडेल एमचा मोह काहींना होतो, म्हणून त्याबद्दलही लिहितो. कीबोर्ड उत्तम आहे, पण त्याला सुपरची, म्हणजे विंडोजचे चिन्ह असते ती, कळच नाही. डेबियनवर नोम हा डेस्कटॉप वापरत असाल तर ही उणीव जाणवेल. ओपनबीएसडीसोबत येणारा सीडब्ल्यूएम हा खिडकी-व्यवस्थापक वापरत असाल तर मुळीच जाणवणार नाही, कारण त्याचे मूळचे सगळे आदेश कंट्रोल आणि ऑल्टवरच बेतलेले आहेत.

खिळेजुळारी

प्रश्नातील इनस्क्रिप्टचा भाग अजून कोणी हाताळलेला दिसत नाही, आणि माझ्या मते कीबोर्डचा आकार त्यावरूनच ठरवायला हवा. इंग्रजी टंकणाऱ्यांसाठी लिहिलेल्या परीक्षणांत लहान कीबोर्डांची जी भलामण असते ती आपल्याला तशीच्या तशी लागू पडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या सव्वीस कळांबाहेरही नित्याची अक्षरे आहेत. 'पी'च्या उजवीकडे चौकटी कंसाच्या कळेवर ड आणि शिफ्टसह ढ आहे, अर्धविरामाच्या कळेवर च आणि छ, त्याच्या उजवीकडे अवतरणचिन्हाच्या कळेवर ट आणि ठ, तिरक्या उलट्या रेघेच्या कळेवर 'डॉक्टर'मधील ऑकार. आकड्यांच्या ओळीत शिफ्टसह ३ वर ्र, ४ वर रफार, ५ वर ज्ञ, ६ वर त्र, ७ वर क्ष आणि ८ वर श्र मिळतो. म्हणून आकड्यांची ओळ नसलेला, चाळीस टक्के म्हणून विकला जाणारा कीबोर्ड मराठीसाठी घेऊ नये. प्लँक किंवा कॉर्नसारख्या अशा छोट्या कीबोर्डांवर 'पी'च्या पलीकडे एकच स्तंभ उरतो आणि तिथे सहसा बॅकस्पेस असते. ड टंकायला प्रत्येक वेळी दुसऱ्या थरात (वेगळी कळ धरून मिळणाऱ्या कळांच्या संचात) जावे लागले, तर लिखाणाची लय पार बिघडते.

स्विचचा प्रश्नही याच्याशीच जोडलेला आहे. इनस्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताकडे, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे असल्यामुळे 'कागद'सारखे शब्द झरझर उतरतात, पण उजव्या करंगळीवर फार भार येतो. 'चिठ्ठी' हा शब्द टंकून पाहा: च करंगळीने, पहिला ठ करंगळीने, दुसराही करंगळीनेच, आणि दोन्ही ठ-साठी डाव्या हाताने शिफ्ट धरायची. 'कट्टा', 'चट्टामट्टा', 'जेवढा', 'टाळाटाळ', सगळीकडे तीच कथा. चेरीच्या निळ्या स्विचला सुमारे ६० ग्रॅम दाब लागतो आणि लाल स्विचला सुमारे ४५. दिवसभराच्या मराठी लिखाणात हा फरक सर्वांत दुबळ्या बोटाला कळतो. मला तपकिरी स्विच आवडतात, कारण कळ लागल्याची हलकी जाणीव होते आणि टिचकी वाजत नाही. हॉटस्वॅप सॉकेट असलेला कीबोर्ड घेतलात, तर डाग न देता स्विच बदलता येतात, आणि वाटल्यास करंगळीखालच्या चार-पाच कळांनाच हलके स्विच बसवता येतात. ही युक्ती मी इंग्रजी परीक्षणांत कधी वाचलेली नाही. मराठी टंकणाऱ्याला मात्र तिचा उपयोग आहे.

आणखी एक बारीक गोष्ट: उजवी ऑल्ट कळ आहे ना, ते पाहून घ्या. सुधारित इनस्क्रिप्टमध्ये ₹ हे चिन्ह उजव्या ऑल्टसह ४ वर आहे, आणि काही छोट्या कीबोर्डांवर नेमकी तीच जागा एफएन कळेने घेतलेली असते. 'दुसऱ्या' आणि 'तऱ्हा' यांतील ऱ साठी मात्र चिंता नको. तो शिफ्टसह 'जे'वर आहे.

कळांवर देवनागरी छापलेली हवी, हा आग्रह धरू नका. इनस्क्रिप्ट हाताला बसलेला माणूस कळांकडे पाहत नाही.

सांगलीकर

सर्वांचे मनापासून आभार. माझे मत आता असे झाले आहे, की तारेचा, पंचाहत्तर टक्के आकाराचा (बाणांच्या कळा असलेला, पण उजवीकडचा आकड्यांचा वेगळा गट नसलेला), क्यूएमके आणि हॉटस्वॅप असलेला कीबोर्ड तपकिरी स्विचसह घ्यावा. हॅपी हॅकिंग कीबोर्डचे नाव मित्राने सुचवले होते; त्याविषयी दोन शब्द लिहावेत. दुसरे म्हणजे, त्याच्याकडील कीबोर्डवर लिनक्समध्ये एफ१ ते एफ१२ या कळा आवाज आणि उजेडच कमी-जास्त करतात, तसे माझ्याही वाट्याला येईल का? आणि शेवटचे: इंग्रजी-मराठी अदलाबदलीसाठी मी आजवर कॅप्स लॉकच वापरत आलो आहे, पण तिथे तर मला कंट्रोल हवा आहे. हे दोन्ही एका कळेत बसेल का?

कर्जत_लोकल

हॅपी हॅकिंग कीबोर्ड १९९६ साली जपानच्या पीएफयू कंपनीने टोकियो विद्यापीठातील संगणकशास्त्रज्ञ एईती वादा यांच्या कल्पनेतून काढला, आणि युनिक्स वापरणाऱ्यांसाठीच तो बेतलेला असल्यामुळे कंट्रोल मुळातच 'ए'च्या डावीकडे आहे. आकड्यांची ओळ आणि इनस्क्रिप्टला लागणाऱ्या सगळ्या कळा त्यात आहेत. परंतु बाणांच्या वेगळ्या कळा नाहीत, आणि मुद्रितशोधन करणाऱ्याला त्या क्षणोक्षणी लागतात. शिवाय किंमत तुमच्या मर्यादेच्या फार वर जाते.

एफ कळांचे कारण सोपे आहे. काही कीबोर्ड, उदाहरणार्थ कीक्रॉनच्या के मालिकेतील जुने नग, संगणकाला स्वतःची ओळख ॲपलचा कीबोर्ड अशी करून देतात. मग लिनक्स त्यांच्यासाठी एचआयडी-ॲपल हा ड्रायव्हर वापरते, आणि त्याच्या जुन्या आवृत्त्यांत आवाज-उजेडाच्या कळांना पहिला मान असे. मॉडप्रोबच्या (ड्रायव्हर चढवणाऱ्या साधनाच्या) नोंदीत त्या ड्रायव्हरच्या एफएनमोड या पर्यायाची किंमत २ करून इनिटरॅमएफएस (लिनक्स सुरू होताना लागणारा फाइलसंच) पुन्हा बनवले, की एफ कळा पूर्ववत होतात. क्यूएमके असलेल्या त्याच कंपनीच्या क्यू आणि व्ही मालिका स्वतःच्या ओळखक्रमांकाने येतात, त्यामुळे तिथे हा प्रश्न नाही.

एका कळेत दोन कामे बसतात. क्यूएमकेमध्ये 'धरली तर कंट्रोल, नुसती दाबून सोडली तर कॅप्स लॉक' अशी कळ करता येते, आणि प्रणालीत एक्सकेबीला, म्हणजे एक्सच्या कळरचना ठरवणाऱ्या भागाला, सांगायचे, की कॅप्स लॉकने भाषा बदल. धरणे आणि दाबणे यांतील सीमा मुळात २०० मिलिसेकंद असते. ती हाताच्या वेगानुसार कमी-जास्त करावी.

खिळेजुळारी

या जुळवणीत एक खोच आहे. एक्सच्या बाहेर भाषा बदलणारे कोणी नसते, त्यामुळे बूटलोडरपुढे ती कळ चुकून नुसती दाबली गेली, तर खराच कॅप्स लॉक चालू होईल आणि सांकेतिक वाक्य काही केल्या स्वीकारले जाणार नाही. कॅप्स लॉकऐवजी स्क्रोल लॉक वापरला तर कन्सोलवरचा मजकूर थांबून राहतो. म्हणून नुसते दाबल्यावर मेनू कळेचा क्रमांक पाठवावा आणि एक्सकेबीमध्ये मेनूने भाषा बदलण्याचा पर्याय निवडावा. मेनू कळ तुमच्या कीबोर्डवर प्रत्यक्ष नसली तरी हरकत नाही, क्रमांक पाठवता आला की पुरे. आणि बूटलोडर त्या क्रमांकाचे काहीच करत नाही.