झेला कुणाकडे आहे? (शनिवारी सकाळी हवा)

मंजिरी:
मंडळाचा झेला (फळं तोडायची जाळी-पात्याची लांब काठी) कुणाकडे आहे? स्कारबरोच्या आजींचं पेअरचं झाड यंदा लगडलंय. सोमवारी त्या लेकाकडे कॅल्गरीला जाणार, म्हणून शनिवारीच या म्हणाल्यात. यादीत 'परत आला' असं लिहिलंय, पण स्टोरेजमध्ये नुसता बांबू आहे. जाळी नाही, पातं नाही.

सतीश:
जाळी मी काढली, फाटली होती. लाँड्री बॅगची लावणार होतो, राहून गेलं. पण पेअरला झेला कशाला? फांदी हलवा, पडतील की.

सुधाकाकू:
सतीश, हलवायचं तुतीला! खाली जुनी चादर धरायची, पिकलेली तेवढी पडतात. जूनमधली आमची चादर अजून जांभळी आहे. पेअर झाडावर पिकूच द्यायचं नसतं, ते आतून पिकतं. वरून टणक दिसतं आणि गाभ्याचा चिखल झालेला असतो. कडक असतानाच फळ हातात धरून आडवं उचलायचं, देठ आपसूक सुटला तर तयार. मग दोन-तीन दिवस फ्रीजमध्ये, नंतर ओट्यावर.

नंदू:
'नुसता बांबू' म्हणजे? तो माझा नूतन झेला आहे, दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा. रत्नागिरीहून बॅगेत घालून आणलाय. देठ मोडला की आंब्याचा चीक सालीवर ओघळून डाग पडतो, म्हणून त्याला पातं असतं. ते कुठे गेलं?

सतीश:
नंदूदादा, मखराचा थर्माकोल कापायला तुम्हीच नेलं होतंत.

खजिनदार:
वाटणीचं आधी ठरवा. इथे टोरोंटोतच 'नॉट फार फ्रॉम द ट्री' संस्थेवाले २००८ पासून तीन वाटे करतात: एक मालकाला, एक तोडणाऱ्यांना, एक फूड बँकेसारख्या ठिकाणी. मागच्या वेळी तिसरा वाटा कुणाच्या डिकीत आठवडाभर सडत होता ते मी लिहीत नाही.

वृषाली:
लिहिलंतच की. आमच्याकडे पाहुणे होते तेव्हा. आणि अर्धी फळं आधीच खारींनी उष्टावलेली होती.

सुधाकाकू:
लाँड्री बॅग मी आणते, सुतळीही आणते. खाली पडलेल्या फळांवर गांधीलमाश्या असतात, चपला घालून येऊ नका. बूट घाला.

मंजिरी:
म्हणजे झेला नाहीच?

नंदू:
पातं सापडलं. मखराच्या खोक्यात होतं. थर्माकोल चिकटलाय, घासून आणतो. यादीत माझं नाव लिहा.